पंक्ती आणि पाव

'पंक्ती' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ रूढ आहेत. एक कवितेची ओळ, आणि दुसरा जेवावयास बसलेल्या माणसांची रांग. वैदिक छंदःशास्त्रात पंक्ती हे एका छंदाचेही नाव आहे; आठ आठ अक्षरांचे पाच चरण असलेला तो छंद. शब्दाच्या मुळाशी 'पाच' ही संख्या आहे, आणि पाचांची मांडणी करावयाची तर कोणी कोठे बसावे हे आधी ठरलेले असावे लागते. कवितेच्या पंक्तीत अक्षर भलत्या जागी पडले की छंदोभंग होतो. जेवणाच्या पंक्तीत माणूस भलत्या जागी बसला की पंक्ती बाटते. धर्मशास्त्राने तर यासाठी दोन स्वतंत्र संज्ञाच सिद्ध केल्या. केवळ आपल्या बसण्याने रांग पवित्र करणारा तो पंक्तिपावन, आणि केवळ आपल्या बसण्याने ती बिघडविणारा तो पंक्तिदूषक. ताटात काय वाढले आहे, त्याची चव कशी आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

हे सारे आठवण्याचे निमित्त मात्र अगदी साधे आहे: दोन पावांमध्ये ठेवलेली मांसाची चपटी टिकिया, अर्थात हॅम्बर्गर. ज्याला पंक्ती माहीतच नाही असे हे जेवण. ते हातात धरून खावयाचे असते. त्याला ताट लागत नाही, पाट लागत नाही, वाढपी लागत नाही. ते एकट्याने खाता येते, उभ्याने खाता येते, आणि शेजारी कोण बसले आहे याची चौकशी न करताही खाता येते.

त्याच्या नावाची कथा तुलनाकाराला मोहविणारी आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन स्थलांतरितांबरोबर हॅम्बुर्ग शहराच्या नावाचा, बारीक केलेल्या गोमांसाचा एक प्रकार अमेरिकेत पोहोचला. पुणेकर किंवा नागपूरकर या शब्दांत जो 'कर' आहे, तेच काम जर्मनमध्ये 'अर' हा प्रत्यय करतो. म्हणजे हॅम्बर्गर हा केवळ 'हॅम्बुर्गकर'. परंतु इंग्रजी कानाला त्यात 'हॅम', म्हणजे डुकराच्या मांडीचे मांस, ऐकू आले. वस्तुतः डुकराच्या मांसाचा तेथे संबंध नव्हता. शब्द चुकीच्या सांध्यावर तोडला गेला, आणि 'बर्गर' हा जो तुकडा हाती उरला तो स्वतंत्रपणे संसार करू लागला. चीजबर्गर, फिशबर्गर, व्हेजबर्गर ही सारी त्या चुकीची संतती. आपल्याकडे पोर्तुगीज 'पांव' या शब्दापासून आलेल्या 'पाव' या शब्दाबाबत, तो पायांनी तुडवितात म्हणून पाव, अशी व्युत्पत्ती लोक मोठ्या विश्वासाने सांगतात. त्याच जातीचा हा प्रकार. योगायोग असा की, जर्मनमध्ये 'ब्युर्गर' या शब्दाचा अर्थ नागरिक असा आहे. खाद्यपदार्थाच्या नावाशी त्याचा थेट संबंध नाही; तथापि हा योगायोग विसरण्याजोगाही नाही.

बर्गरला पंक्ती नसली तरी सोवळे मात्र होते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. अप्टन सिंक्लेअर यांची 'द जंगल' ही कादंबरी १९०६ साली प्रसिद्ध झाली आणि शिकागोच्या मांस-कारखान्यांतील किळसवाण्या व्यवहाराने वाचक हादरले. त्याच वर्षी मांसाच्या तपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे अमेरिकेत संमत झाले. कामगारांच्या दैन्याने जागे न झालेले वाचक स्वतःच्या पोटाच्या काळजीने जागे झाले. बारीक केलेल्या मांसाविषयीचा संशय मात्र त्यानंतरही टिकून राहिला. १९२१ साली कॅन्सस राज्यातील विचिटा या गावी 'व्हाइट कॅसल' नावाचे दुकान निघाले, तेव्हा त्याच्या चालकांनी हा संशय नेमका ओळखला. शुभ्र इमारत, शुभ्र गणवेश, चकचकीत पोलाद, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत चाललेला स्वयंपाक. किंमत पाच सेंट. नावातच 'शुभ्र' हे विशेषण. अपरिचिताच्या हातचे खाण्याची भीती घालविण्यासाठी एका समाजाने जन्माचा दाखला मागितला आणि दुसऱ्याने स्वच्छ फरशी दाखविली. फरशी कोणालाही धुता येते, एवढा फरक त्यात निश्चित आहे. परंतु शुभ्रतेला अमेरिकेत आणखीही एक अर्थ होता. त्याकडे पुढे वळावे लागेल.

मध्य-पश्चिम अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या गावी असे एक लहानसे दुकान आहे. रस्त्याच्या बाजूस मोठी काच, आत लांबट ओटा, त्याच्यासमोर फिरती बैठकी स्टुले, आणि ओट्यापलीकडे लोखंडी तवा. मराठवाड्यातील एका खेड्यातून शिष्यवृत्तीवर आलेला एक संशोधक तेथे प्रथम शिरला तो नोव्हेंबरातील एका बुधवारी. आत्मचरित्र या वाङ्मयप्रकारावर त्याचे काम चालले होते. भारतातून नव्याने गेलेल्या विद्यार्थ्याप्रमाणे तोही प्रत्येक किंमतीला रुपयांनी गुणत असे, आणि गुणाकार झाला की भूक आपोआप मरत असे. पण त्या दिवशी वाऱ्याला धार होती, खोलीवर शिजविलेला भात संपलेला होता, आणि दुकानाच्या काचेवर लिहिलेला बर्गर, तळलेले बटाटे व कॉफी यांचा एकत्रित दर दहा डॉलरच्या एका नोटेत बसत होता.

ओट्यामागच्या प्रौढ बाईने त्याला तीनच प्रश्न विचारले. चीज हवे काय? कांदा कच्चा की परतलेला? येथे खाणार की बांधून देऊ? त्यानंतर तिने एक चिठ्ठी पुढे केली. तिच्यावर ४७ हा आकडा होता.

तीन प्रश्न संपले तरी तो क्षणभर तसाच उभा राहिला. चौथ्या प्रश्नाची वाट पाहण्याची सवय त्याच्या अंगात मुरलेली होती. त्याच्या गावी, तालुक्याच्या खाणावळीत, पुढे जिल्ह्याच्या वसतिगृहातही, जेवणाआधी नाव विचारले जाई. नाव सांगितल्यावर 'पूर्ण नाव?' असे विचारले जाई. आणि आडनाव कळले की विचारणाऱ्याच्या मुद्रेवर सूक्ष्मसा बदल होई. महाराष्ट्रात आडनाव हे पुष्कळदा पत्त्याहून अधिक माहिती देते. येथे त्याचे आडनाव कोणाला उच्चारताही आले नसते. ४७ या आकड्याला कूळ नव्हते.

तव्यावरचे काम पाहण्यासारखे होते. मांसाचा गोळा तापलेल्या लोखंडावर पडला की तवेवाला त्याच्यावर रुंद कालथा दाबून धरी. चरबी सुटून कडेने फसफसू लागे; कडा पातळ, जाळीदार आणि तपकिरी होत. मीठ-मिरी शेवटी, वरून. मग तो कालथ्याने खालची साय खरवडून घेतल्यासारखी टिकिया सोडवी आणि एकदाच उलटी. चीजचा तुकडा त्या उष्णतेने वितळून खाली झुके; त्याच तव्याच्या कोपऱ्यात पावाच्या कापलेल्या बाजू लोणी लावून भाजल्या जात. मांसातील अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यात उष्णतेने जी क्रिया घडते, तिला १९१२ साली तिचे वर्णन करणाऱ्या माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे नाव आहे. मराठीत तिला शास्त्रीय नाव नसेल, पण तिच्या फळाला एक उत्तम विशेषण आहे: खरपूस. भाकरीवरचे डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास आणि या टिकियेची कड ही एकाच घरची माणसे आहेत.

आकडा पुकारला गेला. मेणकागदात गुंडाळलेला बर्गर हाताला ऊन लागत होता. पहिल्या घासात भाजलेल्या पावाची कुरकुर, मग मांसाचा रस, मग आंबवलेल्या काकडीचा आंबट चटका आणि परतलेल्या कांद्याचा गोडवा, असे एकामागोमाग एक आले आणि दुसऱ्या घासापासून ते वेगळे ओळखता येईनासे झाले. बटाट्यांवर जाडे मीठ होते. त्याच्या एका बाजूस टपाल वाटणारा गणवेशातील माणूस होता, दुसऱ्या बाजूस पुस्तक उघडून बसलेली एक वृद्ध प्राध्यापिका. तिने न पाहताच टोमॅटोच्या चटणीची बाटली त्याच्याकडे सरकविली. त्याने ती टपालवाल्याकडे सरकविली. पंक्तीतील आग्रह येथे नव्हता, पण पंक्तीतील भीतीही नव्हती.

मांस गाईचे होते, हे न सांगता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीस १९७६च्या कायद्याने बंदी होती आणि २०१५ साली ती बैलांनाही लागू झाली. त्यापूर्वी त्याच्या घरी कधीकधी बैलाचे मांस शिजत असे. शिजत असे तेव्हा आई रस्त्याकडची खिडकी लावून घेई. वास बाहेर जाऊ नये म्हणून. अस्पृश्यतेच्या मुळाशी गोमांसभक्षणाचा प्रश्न आहे, अशी मीमांसा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केली. त्या मीमांसेशी कोणी सहमत असो वा नसो, ती बंद खिडकी खरी होती. येथे तो रस्त्याकडच्या काचेला तोंड करून बसला होता. येणारे-जाणारे त्याला खाताना पाहत होते आणि कोणाच्याही मुद्रेवर काहीच उमटत नव्हते. बर्गरच्या चवीत या गोष्टीचा वाटा किती, हे कोणत्याही पाकशास्त्राला सांगता येणार नाही.

त्या रात्री आईचा फोन आला. "जेवलास का रे बाळा? काय खाल्लंस?" त्याने सांगितले. पलीकडे थोडी शांतता पसरली आणि मग तिने विचारले, "पोटभर होतं ना?" काय खाल्लेस, हाच प्रश्न गावात कोण आहेस असे विचारण्यासाठी येतो आणि आईच्या तोंडून बरा आहेस ना असे विचारण्यासाठी. वाक्य एकच, अर्थ बोलणाऱ्यावर अवलंबून.

पाव आणि जात यांचे वैर मराठी मुलखाला नवे नाही. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस मंडळीत प्रवेश करणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. पावाचा एक तुकडा ही दीक्षा होती. मात्र हे सारे गुप्तपणे चाले. सभासदांची नावे बाहेर फुटताच मंडळी विस्कटली. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमधील सभेनंतर चहा आणि बिस्किटे पुढे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी पेल्याला केवळ हात लावला. पण उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापली गेली आणि ग्रामण्य उभे राहिले. रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांनाही त्या प्रकरणातून प्रायश्चित्तावाचून सुटता आले नाही. एक पेला चहा एवढा महाग पडलेले दुसरे शहर शोधून काढावे लागेल. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त हाच प्रवास एका घराच्या आत घडतो. दुसऱ्याच्या हातचे पाणी आणि अन्न यांविषयीचा विटाळ एका बाईच्या मनातून पायरीपायरीने कसा उतरतो, याची ती कथा आहे; आणि तिचे सामर्थ्य असे की, त्यात हौतात्म्याचा आव कोठेही नाही.

या साऱ्या कथा पंक्तीत बसलेल्यांनी पंक्ती मोडल्याच्या आहेत. पंक्तीबाहेर ठेवलेल्यांची कथा मराठीत पुष्कळ उशिरा आली. शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या 'अक्करमाशी'त शाळेच्या सहलीचा प्रसंग आहे. सवर्ण मुले एकीकडे जेवावयास बसतात, महारांची मुले दुसरीकडे. आणि उरलेले अन्न नंतर यांच्या वाट्याला येते. तुलनाकाराने येथे थांबावे असे काही असेल तर ते हे की, मंडळीच्या सभासदाने पाव खाल्ला तेव्हा त्याने काहीतरी गमावण्याचा धोका पत्करला. सहलीतील मुलापाशी गमावण्यासारखे काही नव्हतेच. अन्नाच्या एकाच घासात दोन भिन्न वाङ्मये सामावलेली आहेत. त्या संशोधकाच्या प्रबंधाचा विषय नेमका हाच होता.

अमेरिकेत जाऊन आपले अस्पृश्यपण विसरणारा तो पहिला नव्हे. १९१३ ते १९१६ या काळात आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात होते. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. आणि ती परत केव्हा आली हेही. बडोद्याच्या स्थानकावर उतरल्यावर राहावयाचे कोठे, हा प्रश्न पडला तेव्हा. पारशांच्या विश्रामगृहात नाव लपवून मिळविलेली जागाही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना सोडावयास लावली.

परंतु अमेरिकेचा ओटा सर्वांसाठी मोकळा होता, असे समजणे भाबडेपणाचे होईल. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ या दुकानात गेले. त्यांनी काही किरकोळ वस्तू विकत घेतल्या. दुकानाने त्यांचे पैसे घेतले. नंतर ते जेवणाच्या ओट्यासमोरील स्टुलांवर बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. ती नाकारण्यात आली, कारण तो ओटा गोऱ्यांसाठी होता. ते दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी अधिक विद्यार्थी आले, तिसऱ्या दिवशी त्याहून अधिक, आणि पाहता पाहता हे बसणे दक्षिणेतील गावोगावी पसरले. त्याच वर्षी जुलैमध्ये ग्रीन्सबरोचा तो ओटा सर्वांना खुला झाला आणि १९६४च्या नागरी हक्क कायद्याने अशा भेदभावास देशभर मनाई केली. वस्तू विकत घेऊन निघून जाणाऱ्याला व्यवस्था सहन करते. बसून खाणारा तिला सहन होत नाही. कारण बसणे म्हणजे जागा मागणे. त्या ओट्याचा एक भाग आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. मध्य-पश्चिमेतील त्या दुकानात तीन प्रश्नांवर काम भागते, त्यामागे असे बसून राहिलेले लोक आहेत. सहज मिळालेली वाटणारी गोष्ट कोणीतरी हट्टाने मिळविलेली असते.

मग बर्गर हा समतेचा पदार्थ मानावा काय? येथे सावध राहावयास हवे. सहभोजनाने जात मरत नाही, हे आंबेडकरांनी १९३६ सालीच स्पष्टपणे मांडले होते. शेजारी बसून जेवणारे लोक घरी गेल्यावर आपापल्या जातीतच राहतात. ओट्यावरची समता ही न विचारण्याची समता आहे. ती चौकशी करीत नाही, म्हणून अपमानही करीत नाही. पण चौकशी करीत नाही, म्हणून ओळखतही नाही. तवेवाला स्वतः कोठे जेवतो, त्याला तासाला काय मिळते, हेही मेणकागदावर छापलेले नसते. दहा डॉलरमध्ये पोटभर जेवण मिळते तेव्हा त्या दहा डॉलरचा काही भाग दुसऱ्या कोणीतरी भरलेला असण्याची शक्यता असते.

भारतात आल्यावर या पदार्थाने आपले मांस बदलले. १९९६च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या वसंत विहारात मॅक्डोनल्ड्सचे पहिले भारतीय दुकान उघडले ते गोमांसाशिवाय. पुढे बटाट्याची टिकिया हीच त्याची मुख्य ओळख बनली. मुंबईने मात्र त्याची वाट पाहिली नव्हती. १९६०च्या दशकात दादरच्या स्थानकाबाहेर पावात बटाटेवडा घालून विकला जाऊ लागला होता, आणि गिरणीतील पाळीला धावणाऱ्यांचे ते जेवण झाले. पाव पोर्तुगीज शब्द, बटाटाही पोर्तुगीजांकडूनच आलेला शब्द. वडा तेवढा आपला. गाडीवरचा विक्रेताही फारसे विचारीत नाही. हिरवी चटणी, लाल चटणी, मिरची, इतकेच. तरीही त्या गाडीवर उभा असलेला माणूस संध्याकाळी भाड्याची खोली शोधू लागला की आडनावाचा प्रश्न त्याला गाठतोच.

त्या संशोधकाचे दुकानात जाणे पुढे दर बुधवारचे झाले. मार्चच्या सुमारास केव्हातरी ओट्यामागच्या बाईने प्रश्न विचारणे बंद केले. तो आत शिरला की ती तवेवाल्याला सांगे, "कांदा परतलेला, चीज नको." न विचारण्याचे दोन प्रकार असतात, हे तेव्हा स्पष्ट झाले. एक, माणूस कोण आहे याच्याशी कर्तव्य नसल्यामुळे न विचारणे. आणि दुसरा, त्याला काय आवडते हे ठाऊक असल्यामुळे न विचारणे. पहिला कायद्याने मिळविता येतो आणि तो आधी मिळवावाच लागतो. दुसऱ्यासाठी अनेक बुधवार जावे लागतात. पंक्तिपावन आणि पंक्तिदूषक या संज्ञा रचणाऱ्या शास्त्रकारांपाशी, ज्याचा कांदा कसा हवा हे लक्षात ठेवले जाते अशा माणसासाठी शब्द नव्हता. जर्मनमधला तो योगायोगाचा शब्द, नागरिक, त्याच्या थोडा जवळ जातो; पण तोही पुरत नाही. मराठीला तो अजून घडवावयाचा आहे.